मागची बाजू

चाळीसराव हे नाव काही त्यांच्या आईबापांनी ठेवलेलं नव्हतं. ते ठेवलं रविवारच्या मंडळींनी, आणि उगीच नाही ठेवलं. एक तर चाळीसरावांचं चष्म्याचं दुकान. निम्म्या गावाच्या नाकावरची चाळिशी त्यांच्या हातची. दुसरं म्हणजे त्यांची गाडी. तिचा काटा चाळीसच्या पुढे गेलेला कोणी पाहिलेला नाही. रस्ता सरळ असो, रिकामा असो, मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवून वाजवून रडकुंडीला येवो, चाळीसराव आपले चाळीसवर. लेक लहान होती तेव्हा मागच्या सीटवर उभी राहून त्यांच्या कानात ओरडायची, "बाबा, दाबा! बाबा, दाबा!" बाबा कसले दाबतायत! उलट पुढे सायकल दिसली की पस्तीसवर यायचे.

भित्रा माणूस हो, दुसरं काय. जिना उतरून झाला की गॅस बंद केलाय का बघायला परत वर. दुकानाचं कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायचं, मग दहा पावलं जाऊन चौथ्यांदा. धंद्यात मात्र हे भित्रेपण त्यांच्या कामी आलं. समोर बसलेल्या माणसाचा उजवा डोळा आपल्या डाव्या हाताला येतो. नवीन असताना एकदा त्यांनी दोन काचा उलटसुलट बसवल्या आणि एक हेडमास्तर दोन दिवस जिन्यावर धडपडत राहिले. तेव्हापासून चाळीसराव चिठ्ठीवर नुसतं 'उजवा' लिहीत नसत. 'गिऱ्हाइकाचा उजवा' असं लिहीत, आणि खाली रेघ ओढत. उजव्याडाव्याला इतका जपणारा हा माणूस पुढच्यामागच्यात फसला, त्याची ही गोष्ट आहे.

रविवारची मंडळी म्हणजे गाड्यांची वेडी माणसं. बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यामागे फरशीचं मोठं आवार आहे, तिथे नऊच्या सुमाराला आपापल्या गाड्या लावायच्या, बॉनेट उघडायची, थर्मासमधला चहा प्यायचा आणि बडबड करायची. कोणाचीच गाडी भारी नव्हती. नियम एकच होता. आठवडाभरात गाडीनं जे काही शिकवलं असेल ते सगळ्यांना सांगायचं, आणि स्वतःची फजिती झाली असेल तर ती आधी. याला मंडळी 'ठेच' म्हणत. "हं, चला, तुमची ठेच काढा," म्हटलं की कोणी मागे राहत नसे.

दातांच्या डॉक्टरीणबाई अकरा वर्षं पंपावर मान वाकडी करून पेट्रोलचं झाकण कुठल्या बाजूला आहे ते बघत होत्या. मग एके दिवशी त्यांना दिसलं की पेट्रोलच्या काट्याशेजारीच एक एवढासा बाण असतो, आणि तो झाकणाची बाजू दाखवतो. ती ठेच त्यांनी सांगितली तेव्हा सगळे आपापल्या गाडीकडे धावले होते, बाण बघायला. बेकरीवाल्यानं पावाची व्हॅन सुरू होईना म्हणून एकदा अर्धं इंजिन उकलून ठेवलं होतं; निघालं काय, तर चावीतला सेल गेलेला. आणि ड्रायव्हरकाका! चौतीस वर्षं घाटात बस चालवून निवृत्त झालेले. ते फार बोलत नसत, पण बोलले की सगळे गप्प बसून ऐकत.

चाळीसरावांच्या ठेचा मात्र अगदीच पुचाट असत. काच वर्तमानपत्रानं पुसली की लखलखते, टायरची हवा थंड असताना तपासावी, असलं काहीतरी. मंडळी "वा वा" म्हणून चहाकडे वळायची. चाळीसरावांना ते कळत होतं आणि लागतही होतं.

म्हणून गेल्या रविवारी त्यांचा दिवस होता. त्यांच्या गाडीचे ब्रेक वर्षभर चिरकत होते. दोन मेकॅनिक झाले, फरक नाही. मग त्यांनी स्वतःच चाक काढून शोध लावला. ब्रेकचं पॅड म्हणजे चाकाच्या आतल्या पोलादी तबकडीला आवळून धरणारी वडी. तिची एक बाजू तबकडीवर घासते. तिथं तेलाचा थेंबही पडलेला चालत नाही. दुसऱ्या बाजूला नुसता पत्रा असतो, तो थरथरतो आणि किंचाळतो. त्या पत्र्याला ब्रेकसाठी मिळणारं तांबूस ग्रीस नखभर लावलं, की आवाज बंद. चाळीसरावांनी आवारात तीन फेऱ्या मारून दाखवल्या. चूं नाही की चां नाही. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. ड्रायव्हरकाका चक्क म्हणाले, "हे मला माहीत नव्हतं."

झालं! चाळीसरावांचे पाय जमिनीला लागेनात. घरी पोचण्याआधीच गाडी बाजूला घेऊन त्यांनी लेकीला आवाजी निरोप पाठवला. लेकीला घरात ठमी म्हणत. ठमी घाटावरच्या शाळेत शिकवायची. नवरा कामासाठी परगावी, घरात ती आणि सासूबाई. गाडीचं वेड बापाचं घेतलेलं, भीती मात्र नाही घेतलेली. स्वतःच पाने घेऊन गाडीखाली शिरायची. तिच्याही गाडीचे ब्रेक चिरकत होते.

गुरुवारी तिचा फोटो आला. हातात पाना, गालावर ग्रीसचा फराटा, मागे काढलेलं चाक. खाली लिहिलेलं, "आवाज बंद! बाबा, मानलं तुम्हाला." चाळीसरावांनी "शाब्बास" लिहिलं आणि तो फोटो दिवसभर गिऱ्हाइकांना दाखवला. ज्यांना चष्म्याशिवाय दिसत नव्हतं त्यांनाही दाखवला.

आणि मग हा रविवार उजाडला.

पहिली ठेच बेकरीवाल्याची होती. तो आधीपासूनच हसत होता. म्हणाला, "ही ठेच माझी, पण धोंडा चाळीसरावांचा बरं का! यांचं ऐकून मीही काल व्हॅनला ग्रीस लावलं. बेकरीच्या चढावर गाडी लावली, हँडब्रेक ओढला, उतरलो. दार लावतोय तर व्हॅन आपली निघाली मागे! मी ओरडतोय, ती चाललीय. मैद्याच्या पोत्यांवर जाऊन बसली. मी असा पांढरा झालो, की आमच्या हिनं मला ओळखलं नाही."

"पण ग्रीस लावलंस कुठे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"कुठे म्हणजे? मागे! हेच म्हणाले ना, मागच्या बाजूला लाव, पुढे नको. मागची दोन्ही चाकं काढली आणि आत घासणाऱ्या लायनरवर दिलं फासून."

हशा पिकला. डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. ड्रायव्हरकाका म्हणाले, "अरे शहाण्या, मागची बाजू म्हणजे वडीची पाठ! गाडीचं ढुंगण नव्हे!" पुन्हा हशा. चाळीसरावही हसले, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसले, आणि हसता हसता त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

मागच्या बाजूला लाव. पुढे नको. हेच शब्द. अगदी हेच.

त्यांनी खिशातून फोन काढला. गुरुवारचा फोटो उघडला, दोन बोटांनी मोठा केला. ठमीचा गाल गेला, पाना गेला, मागचं चाक आलं. चाकाच्या वर, पत्र्यात, एक चौकोनी झाकण होतं. पेट्रोलचं झाकण. पेट्रोलचं झाकण पुढच्या चाकावर कधी असतं का? तीन दिवस हा फोटो त्यांच्याजवळ होता. जन्मभर लोकांना "आता नीट दिसतंय का?" विचारत आलेल्या माणसाला तो नीट दिसला नव्हता.

"काय झालं हो?" बेकरीवाल्यानं विचारलं. तो अजून हसत होता.

चाळीसरावांनी फोन लावला. संपर्क क्षेत्राबाहेर. पुन्हा लावला. तेच. मग घरी लावला. बायको म्हणाली, "अहो, ती सव्वाआठलाच निघाली. विहीणबाईंना घेऊन. साडेदहापर्यंत पोचते म्हणाली. का हो? आवाज का असा येतोय तुमचा?"

ठमी येणार हे चाळीसरावांना माहीत होतंच. त्यांनीच बोलावलं होतं. विहीणबाईंना हल्ली दिसेनासं झालं होतं. रविवारी दुकान बंद असतं, निवांत नंबर काढू, घेऊन ये, असं तेच म्हणाले होते. नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती. म्हणजे ती आत्ता, या क्षणाला, घाटात उतरत होती.

त्यांनी फोटो ड्रायव्हरकाकांपुढे धरला. काकांनी बघितला, आणि त्यांचा चेहरा बदलला.

"गाडी उभी करताना हँडब्रेक लावते का ती?" काकांनी विचारलं.

"नाही. गिअरमध्ये ठेवते. मीच शिकवलंय, हँडब्रेकवर विसंबायचं नाही म्हणून."

"म्हणजे तिला अजून पत्ताच नसणार. सपाटीला पुढचे ब्रेक भागवून नेतात, काही जाणवत नाही. घाटात तेच दोघं एकटे राबणार, तापणार, आणि तापले की..." काका थांबले.

"तापले की काय? बोला की!"

"पाय दाबला तरी गाडी दाद देत नाही. मग माणूस हँडब्रेक ओढतो. तो असतो मागच्या चाकांना." काका उठले. "चल. घाटाच्या पायथ्याशी जाऊ. मी घेऊ का गाडी?"

"नको," चाळीसराव म्हणाले. "हातात काही नसलं तर मी मरेन."

पायथा तीस किलोमीटर. चाळीसरावांनी फाटक ओलांडलं आणि पाय दाबला. पन्नास. साठ. त्यांना काटा बघायचं सुचतच नव्हतं. काका बघत होते. पंचाहत्तर. कानात एक चिमुरडा आवाज नाचत होता, बाबा, दाबा, बाबा, दाबा. वीस वर्षांपूर्वीचा आवाज. त्यांना रडू आलं, पण रडलं तर रस्ता दिसणार नाही या भीतीनं तेही त्यांनी गिळलं. एका वळणावर समोर ट्रॅक्टर आला. ब्रेक दाबला. गाडी थांबली, अगदी गुपचूप, कुरकुर न करता. त्या शांततेचा त्यांना असा संताप आला, की चाकं उपटून फेकून द्यावीत! वर्षभर बिचारे ब्रेक नुसते ओरडत होते, कोणाचं काय बिघडत होतं? ओरडू द्यायचं होतं. पण नाही, मला टाळ्या हव्या होत्या.

"काका, मी दोनदा बोललो. मागे. पुढे नाही. दोन-दोनदा बोललो, चुकू नये म्हणून."

"समोर बघ," काका म्हणाले.

मागून सायरन आला. रुग्णवाहिका त्यांना ओलांडून पुढे गेली, घाटाच्याच दिशेनं. दोन किलोमीटर ते त्या लाल दिव्याच्या मागे मागे गेले. कोणाला न्यायला चाललीय, कोणाला न्यायला चाललीय, एवढंच डोक्यात. मग एका गिरणीच्या फाटकाशी ती वळली आणि आत गेली. चाळीसरावांच्या तोंडून "सुटलो" असं निघालं. लगेच त्यांना लाज वाटली. आत गिरणीत कोणीतरी पडलंच असेल की. पण लाजायला तरी वेळ कुठे होता?

घाट लागला. पहिलं वळण मोकळं. दुसरं मोकळं. तिसऱ्या वळणावर ट्रक उभे होते, एकामागे एक, इंजिनं बंद. घाटात ट्रकवाले इंजिन बंद करून ट्रकमधून खाली उतरतात ते काय बघायला, हे सांगावं लागत नाही. चाळीसरावांनी गाडी होती तिथे सोडली आणि पळत सुटले. सत्तावन्न वर्षांचा माणूस, कधी बस पकडायलाही न पळालेला. ट्रकांच्या कडेनं पळताना त्यांना लोकांचे पाय दिसत होते, पाठी दिसत होत्या, पलीकडचं काही दिसत नव्हतं. "सरका हो, सरका, माझी मुलगी आहे," असं ते म्हणत होते. ती आहे की नाही हेही ठाऊक नव्हतं.

गाडी दरीकडे नव्हती. डोंगराच्या बाजूला पाणी वाहून जायला गटार असतं, त्यात तिची डावी चाकं उतरली होती आणि डावं अंग कड्याला घासून फाटलं होतं. दोन्ही दारांचा पत्रा सोलून निघाला होता, आरसा वायरीवर लोंबत होता. पुढच्या चाकांतून जळका वास येत होता. दगडावर विहीणबाई बसल्या होत्या, मांडीवर पिशवी घट्ट धरून. आणि ठमी गाडीला टेकून उभी होती. उभी होती! चाळीसरावांनी तिचे दंड धरले, तोंड चाचपलं, डोकं चाचपलं.

"मी बरी आहे, बाबा. मी बरी आहे," ती म्हणत होती, पण दात वाजत होते.

विहीणबाई दगडावरून म्हणाल्या, "मला तर काही दिसलंच नाही हो, म्हणून मी घाबरले नाही. ही ओरडली, 'आई, मला घट्ट धरू नका.' मला वाटलं, गिअर अडकलाय."

कोणीतरी हसलं. ठमी नाही हसली. ती काकांकडे वळली. "काका, तुमची ठेच आठवली मला. मी लहान असताना बर्फाच्या कारखान्याच्या पायरीवर बसून ऐकलेली. ब्रेक गेले तर दरीकडे बघायचं नाही. बघाल तिकडेच हात वळतात. डोंगराकडे बघायचं आणि डोंगराला अंग घासायचं. मी नुसती डोंगराकडे बघत राहिले."

"मी असं कधी बोललो होतो?" काका म्हणाले.

"कळत नाही काय झालं ते," ठमी म्हणाली. "हँडब्रेकही लागला नाही. माझंच काहीतरी चुकलं असणार, बाबा. तुम्ही सांगितलं तसंच केलं होतं मी. जास्त लावलं का काय कोण जाणे."

काकांनी चाळीसरावांकडे बघितलं आणि मग मुद्दाम दुसरीकडे बघितलं. ते बोलणार नव्हते. डॉक्टरीणबाई बोलल्या नसत्या, बेकरीवालाही नाही. रविवारची मंडळी वाईट नव्हती. चाळीसराव गप्प बसले असते तर हे तिच्याच हातून झालं असं आयुष्यभर राहिलं असतं. आणि भित्रा माणूस गप्प बसण्यात पटाईत असतो. क्षणभर ते गप्प बसलेही.

मग म्हणाले, "तुझं नाही चुकलं. माझं चुकलं. मागची बाजू म्हणजे पॅडची पाठ, असं मला म्हणायचं होतं. मागची चाकं नाही, ठमे."

तिला समजायला वेळ लागला. तिनं फोन काढला आणि गेल्या रविवारचा तो निरोप लावला. घाटात, ट्रकवाल्यांच्या घोळक्यात, चाळीसरावांचा स्वतःचा आवाज बोलू लागला, खूश, फुशारलेला. "ठमे, रामबाण उपाय सापडला बघ! पॅड काढायचे आणि मागच्या बाजूला ग्रीस लावायचं. फक्त मागच्या बाजूला हं. पुढे अजिबात नको, पुढे लावलंस तर ब्रेक लागणारच नाहीत. कळलं? मागे. पुढे नाही."

चाळीसरावांनी तो पहिल्यांदा तिच्या कानांनी ऐकला. दुसरा काही अर्थ त्यातून निघतच नव्हता.

"मला पटत नव्हतं," ठमी हळूच म्हणाली. "ब्रेकला कोणी ग्रीस लावतं का? दुसऱ्या कोणी सांगितलं असतं ना, बाबा, तर मी लावलं नसतं. पण म्हटलं, बाबा सांगतायत. म्हणजे चारदा तपासूनच सांगत असणार."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती चिडली नाही.

ट्रकवाल्यांनी दोर लावून गाडी गटारातून ओढली आणि कडेला लावली. ड्रायव्हरकाका त्या गाडीजवळच थांबले. "पाठ म्हणायचं होतंस रे," एवढंच म्हणाले, आणि त्यांनी चाळीसरावांच्या पाठीवर हात ठेवला. चाळीसरावांच्या गाडीत विहीणबाई मागे बसल्या, ठमी पुढे, बापाच्या शेजारी. निघण्याआधी चाळीसरावांनी ब्रेक दाबून बघितला, हँडब्रेक ओढून बघितला, पुन्हा दाबला, पुन्हा ओढला. मग गाडी पहिल्या गिअरमध्ये घालून घाट उतरवला.

सपाटी लागली. रस्ता सरळ, रिकामा. मागून एक ट्रक हॉर्न वाजवत पुढे निघून गेला. विहीणबाईंना डुलकी लागली होती. ठमीनं उजव्या हातानं सीटची कड धरली होती. बोटं पांढरी पडली होती. चाळीसरावांना ती हवी होती सावध, जपून चालणारी, थोडी तरी आपल्यासारखी. किती वर्षं ते तिला तेच सांगत आले होते.

"बाबा," ती म्हणाली.

"काय गं?"

"हळू ना."

चाळीसरावांनी काट्याकडे बघितलं. तो तीसवर होता. त्यांनी पाय उचलला.